विम्यातील वजावट आणि वैद्याची लेखणी

शाहू मार्केट यार्डातील एक गूळ व्यापारी गृध्रसीच्या वेदनेने वाकलेल्या अवस्थेत आमच्याकडे आले. आठ दिवस आंतररुग्ण म्हणून ठेवून आम्ही स्नेहन, स्वेदन व योगबस्ती असा उपक्रम केला. नवव्या दिवशी ते सरळ चालत घरी गेले. बिल झाले ३८,००० रुपयांचे. महिन्याभराने ते विमा कंपनीचे पत्र घेऊन परत आले. दावा नाकारला गेला होता. "डॉक्टर, चार वर्षं हप्ता भरतोय की! मग हे काय?" या प्रश्नाने आम्ही खजील झालो, कारण दोष बव्हंशी आमचाच होता. डिस्चार्ज कार्डावर आम्ही 'वातव्याधी, पंचकर्म' एवढेच लिहिले होते. दाखल करणे का आवश्यक होते, हे कोठेच नमूद नव्हते. कंपनीने तो मुक्काम विश्रांतीसाठीचा मानला.

वैद्यमित्रहो, आयुर्वेदाला विम्यात स्थान नाही ही जुनी तक्रार आता पुरेशी खरी नाही. २०१३ च्या नियमांनी कंपन्यांना आयुष उपचारांना संरक्षण देण्याची मुभा दिली. विमा नियामक प्राधिकरणाच्या ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने, १ एप्रिल २०२४ पासून, आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने वागविण्यास सांगितले. दार उघडले आहे. परंतु उंबरठे शिल्लक आहेत. ते रुग्णाला आधी दाखविणे हे आपले कर्तव्य आहे.

पहिला उंबरठा : रुग्णाचा वाटा

वजावट म्हणजे कंपनीने पैसे देण्यापूर्वी रुग्णाने स्वतः सोसावयाची ठरावीक रक्कम. सहभाग म्हणजे मंजूर रकमेतील रुग्णाचा टक्केवारीतील हिस्सा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत तो ५ टक्के आहे.

टॉप-अप पॉलिसीत वजावट मोठी असते व तेथेच फसगत होते. समजा वजावट ३ लाखांची आहे आणि वर्षात प्रत्येकी २ लाखांचे दोन आजार झाले. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक दावा स्वतंत्र मोजला जातो. म्हणून काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाचा एकूण खर्च धरला जातो; तेथे १ लाख मिळू शकतात. केवळ हप्ता पाहून पॉलिसी घेणाऱ्यास हा भेद ठाऊक नसतो.

खोलीभाड्याची मर्यादाही अशीच आहे. मर्यादा रोज २,००० असता ४,००० ची खोली घेतली, तर वैद्यशुल्क, शुश्रूषा असे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. औषधांच्या किमतीस मात्र ही कात्री लागत नाही.

दुसरा उंबरठा : संरक्षणातील फटी

विश्रांती व पुनर्वसनासाठीचा मुक्काम, केवळ तपासणीसाठी दाखल होणे, निसर्गोपचार केंद्रे व स्पा यांतील उपचार हे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. बाह्यरुग्ण विभागातील औषधांचा खर्चही सहसा मिळत नाही. म्हणजे रसायन चिकित्सेसाठी हौसेने दाखल होणाऱ्यास विमा उपयोगी नाही. व्याधी, तीव्रता आणि आंतररुग्ण उपचारांची गरज सिद्ध व्हावी लागते.

स्थळही महत्त्वाचे आहे. स्वतंत्र आयुष रुग्णालयासाठी किमान ५ खाटा, अहोरात्र पात्र वैद्य, उपचारांचा स्वतंत्र विभाग आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी अपेक्षित आहेत. स्थानिक नोंदणी जेथे लागू आहे तेथे तीही हवी. दोन खाटांच्या चिकित्सालयात रुग्ण रात्रभर ठेवून 'बघू विम्याचं' असे सांगणे ही त्याची फसवणूकच ठरते.

आपण काय करावे?

दाखल करण्यापूर्वी पॉलिसीची प्रत मागवावी. वजावट, सहभाग, खोलीची मर्यादा व प्रतीक्षा काळ रुग्णासमोर वाचावा. केसपेपरवर आयुर्वेदीय निदानासोबत आधुनिक निदान, वेदनेची तीव्रता, आधीचे उपचार व दाखल करण्याचे कारण लिहावे. प्रत्येक बस्तीची नोंद तारीख-वेळेसह ठेवावी.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. बिलावर रुग्णाचे नाव, वैद्याचे नाव, औषधाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक व तारीख असावी. 'आरोग्य संजीवनी'त दाखल होण्यापूर्वीचे ३० व नंतरचे ६० दिवस यांतील संबंधित खर्च ग्राह्य असतो. मात्र 'आयुर्वेदिक औषधे, एकूण रु. ९००' अशा मोघम बिलावर तो मिळवणे कठीण.

दावा अन्यायाने नाकारला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते; कोल्हापूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि तेथे शुल्क नाही.

आमच्या त्या रुग्णासाठी आम्ही दैनंदिन नोंदींसह सविस्तर पत्र दिले. फेरविचार झाला आणि ५ टक्के सहभाग वजा होऊन ३६,१०० रुपये मिळाले. १,९०० रुपये त्यांनी हसत सोसले, कारण ते का कापले गेले हे आता त्यांना ठाऊक होते. तेच आम्ही पहिल्या दिवशी सांगितले असते, तर महिन्याभराचा मनस्ताप टळला असता. व्याधी बरी करणारा हात लिहिण्यात आळशी राहिला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.