संत्र्याचे क्रेट आणि पाठीचा बाह्य सांगाडा

मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात तोडणीच्या हंगामात दिवसभर वाकून भरलेले क्रेट उचलणाऱ्या मजुरांच्या कमरेवर येणारा ताण हलका करण्यासाठी ‘बाह्य सांगाडा’, म्हणजे अंगावर पट्ट्यांनी बांधायची आधारचौकट, विचारात घेण्याजोगा आहे.

मोटर नसलेल्या प्रकारात वाकताना स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि उठताना ती परत देते, त्यामुळे पाठीच्या स्नायूंचे श्रम प्रयोगशाळेतील चाचण्यांत सुमारे १० ते ४० टक्के घटलेले आढळले आहेत.

मात्र हा भार नाहीसा न होता छाती व मांड्यांवर सरकतो, तेथे पट्टे रुततात, चालताना व शिडी चढताना अडथळा होतो, आणि मृग बहाराची तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात चालत असल्याने घामाचा त्रास वाढतो; म्हणून क्रेट हलके भरणे हाच पहिला उपाय ठरतो.