गॅरेजमधून गाडी आली, पण नवीन दुखणं घेऊन! आता काय करायचं?



छोटा हत्ती असो, पिकअप असो की दहाचाकी, वाहतुकीच्या धंद्यात हा अनुभव कुणाला चुकलेला नाही. क्लचचं काम केलं, क्लच झकास झाला, आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग. लायनर बदलले, तर एक चाक तापायला लागलं. डिझेल फिल्टर बदलला, तर सकाळी गाडी स्टार्टच होत नाही. इकडे बिल भरून झालंय, तिकडे पार्टी मालासाठी फोन करतेय, आणि हप्त्याची तारीख काही थांबत नाही.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर गॅरेजवर जाऊन भांडतात, नाहीतर "चालतंय तोवर चालवू" म्हणतात. दोन्ही महागात पडतं. मग करायचं काय?

पायरी 1: आधी गाडी थांबवायची की चालवायची, ते ठरवा

ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि डिझेलची गळती, या चार गोष्टींत काहीही वेगळं वाटलं तर गाडी बाजूला घ्या. भाडं बुडालं तरी चालेल. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जाऊ शकतो. तो आपोआप थंड होऊ द्या.

चाक काढून बसवलं असेल तर साधारण 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. पाट्यांचं काम झालं असेल तर यू-बोल्टचंही तेच. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण चाक निखळण्याचा धोका त्याने टळतो.

पायरी 2: दुखणं कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

पैसे कोणी भरायचे, हे यावरच ठरतं.

*पहिला प्रकार: कामात राहून गेलेलं.* ऑइल सील नीट बसलं नाही, डिझेल लाइनमधली हवा पूर्ण काढली नाही, अर्थिंगची वायर ढिली राहिली, लायनर जास्त टाइट झाले. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत सेन्सर बरेच असतात. एखादा कपलर नीट लागला नाही तरी मीटरवर दिवा पेटतो. ही जबाबदारी गॅरेजची.

*दुसरा प्रकार: आधीच झिजलेलं, आता उघडं पडलेलं.* क्लच सरकत होता तोवर इंजिनचा पूर्ण जोर मागे जातच नव्हता. नवीन प्लेट पडली, जोर मागे गेला आणि जॉइंटचा झिजलेला क्रॉस बोलू लागला. यात मिस्त्रीचा दोष नाही. फार तर "आधी सांगायला हवं होतं" एवढंच म्हणता येईल.

*तिसरा प्रकार: निव्वळ योगायोग.* लायनरच्या कामानंतर चार दिवसांनी बॅटरी बसली, तर त्याचा संबंध जोडू नका.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: बिघाड आहे त्या जागेला गॅरेजमध्ये हात लागला होता का?

पायरी 3: तक्रार नाही, माहिती द्या

"तुम्ही गाडीची वाट लावली" म्हटलं की समोरचा हात झटकतो. त्याऐवजी असं बोला: "दादा, मंगळवारी लायनर बदलले. बुधवारी 40 किलोमीटर गेल्यावर मागचं डावं चाक तापलं, उजवं नाही. जरा बघता का?"

दिवस, किलोमीटर, बाजू. एवढं सांगितलं की मिस्त्रीचं निम्मं काम होतं. सोबत मोबाईलवर आवाजाचा किंवा गळतीचा व्हिडिओ ठेवा. आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये खोलण्याआधी पहिल्याला बघू द्या. एकदा दुसऱ्याचा पाना लागला की चूक कोणाची, हे सिद्ध करणं अवघड.

पायरी 4: भांडणाचा हिशोब करा

समजा रोजचं भाडं 3,500 रुपये, डिझेल-टोल 1,700. हातात राहतात 1,800. सीलचा खर्च 1,200 रुपये कोणी द्यायचा यावरून गाडी तीन दिवस उभी राहिली तर 5,400 रुपये गेले. शिवाय रोजची पार्टी दुसरी गाडी लावते ते वेगळंच. गेलेली पार्टी परत आणायला किती महिने लागतात, ते जुन्या लोकांना विचारा!

म्हणून गाडी आधी चालू करा, वाद नंतर. पण बिल आणि काढलेला पार्ट जपून ठेवा.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गॅरेजवाला गाडी ठेवून घेऊ शकतो. त्यामुळे "पैसे देणार नाही, गाडी सोडा" हा हट्ट चालत नाही. वाद असेल तर पैसे भरताना हरकत लिहून द्या आणि पावती घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यावसायिक वापराला बाहेर ठेवतो. मात्र केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. तुमचं प्रकरण कुठे बसतं, ते 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

पुढच्या वेळी गाडी टाकताना

- काम तोंडी सांगू नका, जॉबकार्डवर लिहून घ्या. किलोमीटरचं रीडिंगही टाका.
- "आणखी काही झिजलेलं दिसलं तर फोन करा, विचारल्याशिवाय बदलू नका" हे आधीच सांगा.
- जुने पार्ट परत मागा.
- पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट आणि मजुरी वेगळी हवी. वॉरंटी किती दिवसांची, तेही लिहून घ्या.
- पैसे देण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून पाच-सात किलोमीटर चक्कर मारा. परतल्यावर गाडीखाली वाका आणि चारही बाजूंनी बघा.
- मोठ्या कामानंतर पहिली फेरी जवळची घ्या. थेट लांबचं भाडं नको.

मित्रांनो, चांगला मिस्त्री हा तुमच्या धंद्यातला बिनपगारी भागीदार आहे. चूक सगळ्यांकडून होते. चूक दाखवल्यावर जो स्वतः गाडीखाली शिरतो, त्याला सोडू नका. जो फोन उचलायचंच बंद करतो, त्याच्याकडे परत जाऊ नका.

आजच एक साधी वही करा: तारीख, किलोमीटर, काम, खर्च. सहा महिन्यांनी तीच वही सांगेल की गाडी तुम्हाला कमावून देतेय, की गॅरेजला!