महिन्याचा पाऊस, एक बाटली

सूचना साध्याच आहेत. महिनाभर पडलेला पाऊस साठवायचा, पण त्यातला थेंबही वाफ होऊन जाऊ द्यायचा नाही. महिनाअखेरीस तो नीट हलवून त्यातून पन्नास मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरायची, वर हवेला जागा ठेवायची नाही. झाकण घट्ट लावायचे, ठिकाण, महिना आणि पावसाचे मिलिमीटर लिहायचे आणि बाटली प्रयोगशाळेकडे पाठवायची. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

१९६१ पासून हे काम जगभर चालू आहे. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना या दोघींनी उभारलेल्या या जाळ्याचे नाव ग्लोबल नेटवर्क ऑफ आयसोटोप्स इन प्रेसिपिटेशन, थोडक्यात जीएनआयपी. आजवर सव्वाशेच्या आसपास देशांतल्या हजारावर ठिकाणांनी कधी ना कधी त्यासाठी पाऊस गोळा केला. यातली बहुतेक ठिकाणे संस्थेच्या मालकीची नाहीत. कुठे हवामान खात्याचा निरीक्षक, कुठे विद्यापीठाचा विभाग, अशा आपापल्या नोकरीतल्या माणसांच्या नेमाने केलेल्या कामावर हा डोलारा उभा आहे.

पावसात एवढे शोधायचे काय? सगळे पाणी सारखे नसते. ऑक्सिजनच्या दर हजार अणूंपैकी साधारण दोन अणू जड असतात, म्हणजे ऑक्सिजन-१८. हायड्रोजनचाही ड्युटेरियम नावाचा एक जड भाऊ आहे, तो त्याहून कितीतरी विरळ. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात. ढगातून पाऊस पडताना उलट घडते: घाट चढण्याआधी गाडीतली जड ओझी उतरवावीत, तसे जड रेणू आधी खाली येतात. म्हणून ढग जसजसा किनाऱ्यापासून आत जातो, डोंगर चढतो, थंड होतो, तसतसा त्याचा पाऊस हलका होत जातो. उष्ण कटिबंधात मुसळधार पडलेला पाऊसही रिमझिमीपेक्षा बहुधा हलका निघतो. थोडक्यात, पाणी कुठून आणि कसे आले याची खूण त्याच्या अणूंतच असते.

ही खूण वाचण्याची सुरुवात कोपनहेगनमध्ये झाली. जून १९५२ मध्ये विली डान्सगार्ड या तरुण डॅनिश शास्त्रज्ञाने घरच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळे बसवले आणि शहरावरून सरकणाऱ्या पावसाचे पाणी टप्प्याटप्प्याने गोळा केले. प्रयोगशाळेत नवे वस्तुमान-वर्णपटमापक यंत्र होतेच. त्यात पाहिले तर ढगाचे तापमान आणि पावसातला जड ऑक्सिजन यांचे नाते दिसू लागले. मग त्याने दूरदूरच्या देशांतून पाण्याचे नमुने मागवायला सुरुवात केली. एका बागेतल्या पावसावरून नियम सांगता येत नाही, हे त्याने ओळखले होते. १९६१ मध्ये अमेरिकेचे हार्मन क्रेग यांनी जगभरच्या गोड्या पाण्याची मापे एका आलेखावर मांडली, तेव्हा ती जवळजवळ एका सरळ रेषेत बसली. आजही पाण्याचा अभ्यास करणारा कोणीही आपला नमुना आधी त्या रेषेशेजारी ठेवून पाहतो. रेषेवरून घसरलेले पाणी बहुधा उन्हात तापून थोडे आटलेले असते.

पण पावसाच्या अभ्यासात अणुऊर्जा संस्था का उतरली? कारण बॉम्ब. पन्नाशीच्या दशकापासून वातावरणात हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या होत होत्या. त्यांतून ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन आकाशात गेला आणि पावसातून जमिनीवर येऊ लागला. तो किती आणि कुठे पडतो, हे मोजणे निकडीचे होते. कॅनडातल्या ओटावामध्ये अशा नोंदी १९५३ पासूनच सुरू होत्या. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. उत्तर गोलार्धातल्या पावसात ट्रिटियमचे प्रमाण त्याच वर्षी शिगेला पोहोचले आणि मग उतरत गेले.

भीतीपोटी केलेल्या या मोजणीतून भूजलशास्त्राला घड्याळ मिळाले. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मे होते आणि प्रत्येक वर्षीच्या पावसात ते किती होते याची नोंद होती. त्यामुळे विहिरीच्या पाण्यात बॉम्बचे ट्रिटियम सापडले तर ते पाणी पन्नाशीनंतर जमिनीत मुरलेले. अजिबात नसेल तर त्याआधीचे, आणि आज उपसले तर लवकर भरून न येणारे. आता पावसातले ट्रिटियम नैसर्गिक पातळीच्या आसपास आले आहे आणि या घड्याळाचे काटे पुसट होत चालले आहेत.

इथे सहकार्याची खरी कसोटी परिषदांत नव्हे, मापात लागते. दोन देशांतल्या प्रयोगशाळांची मापे जुळायची तर दोघींची मोजपट्टी एकच हवी. म्हणून समुद्राच्या पाण्याचे एक प्रमाण ठरले. १९६७ मध्ये प्रशांत महासागरात विषुववृत्तावर, १८० रेखांशापाशी घेतलेले पाणी ऊर्ध्वपातन करून, त्यात इतर पाणी थोडे मिसळून ते तयार केले गेले. दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकाच्या बर्फाचे अतिशय हलके पाणी. या दोन पाण्यांच्या बाटल्या व्हिएन्नाहून जगभर जात राहिल्या. साठा संपत आला तेव्हा त्यांच्याशी तंतोतंत जुळणारे नवे पाणी बनवावे लागले. शिवाय संस्था अधूनमधून प्रयोगशाळांना उत्तर न सांगता नमुने पाठवते आणि मापे मागवते. अशा एका तपासणीत २३५ प्रयोगशाळा सामील झाल्या आणि त्यांतल्या काहींची उत्तरे सपशेल चुकली. अशी परीक्षा स्वतःहून द्यायला तयार असणे, ही या बिरादरीची मोठी शिस्त आहे.

एवढ्या खटाटोपातून हाती काय आले? ॲमेझॉनच्या खोऱ्यात एनियास सालाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की किनाऱ्यापासून आत जाताना पाऊस जितका हलका व्हायला हवा तितका होत नाही. वाटेत जंगलच पाणी पुन्हा हवेत सोडत होते. १९७९ च्या त्यांच्या निबंधानुसार तिथला जवळपास निम्मा पाऊस खोऱ्यातल्याच पाण्याचा फेरा होता. जंगल तोडले तर पाऊस घटेल, या म्हणण्याला असा मोजलेला आधार मिळाला. सहाराखालच्या नुबियन जलधरातल्या पाण्याची खूण आजच्या पावसाशी जुळत नाही. ते दूरच्या ओल्या काळातले, काही ठिकाणी लाखो वर्षांपूर्वीचे पाणी आहे. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांनी २०१३ मध्ये त्याच्या वापराच्या सामाईक आराखड्यावर व्हिएन्नातच सह्या केल्या. पाणी किती जुने हे सांगणारी मोजपट्टी त्यांच्यापैकी कोणा एकाची नव्हती.

या जाळ्याच्या जुन्या नोंदींत मुंबई आणि नवी दिल्ली ही नावे आहेत. मुंबईची साखळी सलग नाही, तरी साठ-सत्तरच्या दशकांतल्या अरबी समुद्रावरच्या मोसमी पावसाची ती मोलाची साक्ष आहे. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा ही या शास्त्राची भारतातली जुनी घरे. भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम झऱ्यांचे, पाणी याच पद्धतीने तपासले. जमिनीतून वाफाळत येणारे ते पाणीही मुळात पावसाचेच निघाले. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरच्या पावसावर काम केले आहे.

पूर्वी खोलीभर यंत्र आणि कसलेला तंत्रज्ञ लागे. २००० नंतर टेबलावर मावणारी लेसर यंत्रे आली आणि मोजणी स्वस्त झाली. आता अडचण मोजण्याची नसून नमुन्यांची आहे. अनुदान संपले, निरीक्षक निवृत्त झाला, की साखळी तुटते. यंत्र बिघडले तर पुढच्या वर्षी नवे घेता येते, पण न साठवलेला श्रावण परत आणता येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. त्यावरून पाणी किती खाली गेले ते कळते. ते या पावसाळ्याचे, धरणाच्या झिरप्याचे, की आजोबांच्या काळापासून कातळात अडकलेले, हे मात्र पातळी सांगत नाही. पाच-सहाशे फुटांच्या बोअरवर द्राक्षे आणि मोसंबी जगवणाऱ्या तालुक्यांत खरा प्रश्न तोच आहे. पावसाची आकडेवारी महसूल मंडळापर्यंत पोहोचली आहे. त्यातल्या निवडक ठिकाणी महिन्याला एक बाटली भरण्याचा खर्च एका कोरड्या बोअरच्याही पासंगाला पुरणार नाही. लागतो तो वीस-तीस वर्षे न चुकता पाळायचा नेम, आणि नेमाचा तेवढा तुटवडा असावा असे वारीच्या या मुलुखात तरी वाटत नाही.