काडीवरचे इटालियन

आंतिपास्ती : मुख्य जेवणाआधीचे थंड-गरम पदार्थ. चीज, ऑलिव्ह, मुरवलेल्या भाज्या, खारवलेले मांस.

काप्रेझे काडी : काप्री बेटाच्या नावाच्या सॅलडचे छोटे रूप. चेरी टोमॅटो, बेझिलचे पान, ताजे मोझरेला. वरून ऑलिव्ह तेल. मीठ अगदी शेवटी, नाहीतर टोमॅटोला पाणी सुटते. बेझिल फ्रिजच्या गारठ्यात काळे पडते, म्हणून काड्या वाढण्याच्या सुमारासच ओवायच्या.

मोझरेलाचे आकार : चिलियेजिने चेरीएवढे, काडीसाठी नेमके. बोक्कोन्चिनी त्याहून मोठे, अर्धे करून घ्यावे लागते. दोन्ही खारट पाण्यात येतात. निथळून, टिपून वापरायचे. पिझ्झावरचे किसायचे मोझरेला वेगळे, ते इथे चालत नाही.

म्हशीचे दूध : ‘मोझरेला दी बुफाला काम्पाना’ फक्त म्हशीच्या दुधाचे. १९९६पासून युरोपीय संघाचे संरक्षित नाव.

बाल्सामिक : इटलीतल्या मोदेना शहराचे पारंपरिक व्हिनेगर किमान १२ वर्षे मुरलेले, ‘एक्स्त्राव्हेक्यो’ किमान २५. काड्यांवर सोडतात ते बहुधा बाजारी घट्ट ग्लेझ. महागडे इथे वाया जाते.

इतर जोड्या :
- खरबूज आणि प्रोश्युत्तो (खारवलेले डुकराचे मांस)
- उकडून गार केलेले तोर्तेलिनी (सारण भरलेला पास्ता), ऑलिव्ह, सालामी
- मुरवलेले आर्टिचोक, भाजलेली लाल ढोबळी मिरची

शाकाहारींसाठी : पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट (दूध गोठवणारे विकर) असते. कोणतेही चीज घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा.

निखाऱ्यावरचे : इटलीतल्या आब्रुत्सो प्रांताचे आरोस्तिचिनी. मेंढीच्या मांसाचे साधारण १ सेंटिमीटरचे तुकडे, पन्हाळीसारख्या अरुंद शेगडीवर भाजलेले. मसाला? फक्त मीठ.

काड्या : निखाऱ्यावर धरायच्या असतील, तर बांबूच्या काड्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात.