येळवशीचं कार्ड दुकानात मिळत नाही

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. चाकूरच्या घराघरांत शिल्लक असलेल्या पाकिटांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून आम्ही ‘जि. लातूर’ लिहायला लागलो. शुभेच्छापत्रांशी माझी ओळख त्याच सुमाराची. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या गावात वह्या-पेनांच्या दुकानात दोरीला थोडी कार्डं लटकलेली असत. गुलाबाचं फूल, बर्फाचा डोंगर, आत इंग्रजी कविता. दिवाळी आणि १ जानेवारी एवढेच त्या दोरीवरचे सण.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या ओसरीवर मुलं कार्डं करायला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, “काकू, सुचतच नाही, सुरुवात कुठून करू?” चार दशकांकडे मागे वळून पाहताना माझं उत्तर पक्कं होत गेलेलं दिसतं. जे कार्ड त्या दोरीवर नव्हतं, आजही कुठल्या दुकानात नाही, तिथून सुरुवात करायची.

अर्थात आमची सुरुवात तशी झाली नाही. आम्ही शिकलो शाळेत. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागद, डिंक आणि कातरी असायची, आणि कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी असायची. त्या परीक्षांचं ऋण मी मोकळेपणी मान्य करते. संकल्पचित्राच्या पेपरामुळे दिलेल्या चौकटीत आकार कसे बसवायचे, कुठली जागा मोकळी सोडायची हे तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही कळलं. अक्षरलेखनामुळे ‘शुभ दीपावली’ लिहिताना शेवटचं अक्षर कडेला चेंगरणं बंद झालं. मोठ्या शहरात न जाता आम्हाला मिळालेलं रचनेचं शिक्षण ते एवढंच, पण भक्कम.

बाकी सगळं ताई-आक्कांकडून आलं. कार्डशीटवर पानं ठेवायची, जुना दातांचा ब्रश शाईत बुडवून कंगव्यावर घासायचा, पान उचललं की शिंतोड्यांमध्ये त्याची पांढरी आकृती उरते. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा तयार. शाईत भिजवलेला दोरा कागदाच्या घडीत ठेवून ओढला की दोन्हीकडे सारखी नक्षी.

आणि पिंपळपान. ते नीट सांगते, कारण हल्ली मुलं तयार जाळीची पानं विकत आणतात. पावसाळा सरताना निबर पान निवडायचं. कोवळं असलं तर शिराही कुजतात, पिवळं पडलेलं असलं तर मोडतं. मडक्यात पाणी घालून पानं बुडवायची, वर दगड ठेवायचा आणि मडकं परसात ठेवायचं, कारण वास सुटतो. मधूनमधून पाणी बदलत महिनाभर थांबायचं. मग एकेक पान पालथ्या ताटलीवर घेऊन मऊ ब्रशने देठाकडून टोकाकडे थापटायचं. घासायचं नाही, थापटायचं. हिरवा गर पाण्याबरोबर सुटत जातो, शिरांची जाळी मोकळी होते. आजीचं मत असं की टोकाची लांब शेपटी शाबूत राहिली तरच पान साधलं. वर्तमानपत्रात दाबून वाळवलं की ते काळ्या कागदावर पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवायचं. जाळीवर मोर रंगवण्याची तेव्हा फार पद्धत होती. मला मात्र कोरी जाळीच आवडत आली. पिंपळाने जे काढलंय त्यावर आपण आणखी काय काढणार?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लातूरला कार्डांची चकचकीत दुकानं दिसू लागली. दिल्लीत १९७९ साली सुरू झालेल्या आर्चीजचं नाव आमच्यापर्यंत पोचलं ते तेव्हा. त्याच १९७९ साली मुंबईत रिप्पन कपूर या तरुणाने मित्रांबरोबर पन्नास रुपयांवर ‘क्राय’ उभी केली. मुलांच्या कामासाठी निधी जमवायला या संस्थेने शुभेच्छापत्रं विकली आणि तीही लोकांनी आवडीने घेतली. छापील नाताळकार्डांची परंपरा तर लंडनच्या हेन्री कोल यांच्यापासूनची. १८४३ च्या नाताळात इतक्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजार प्रती छापल्या. म्हणजे हे छापील कार्ड जन्मलं ते वेळ वाचवण्यासाठी. हाताने कार्ड करणारा माणूस नेमका उलटा वागतो, तो एका माणसावर वेळ खर्च करतो. दोन्हींना आपण एकच नाव देतो, पण माझ्या लेखी त्या वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या काळात आम्ही दुकानातली कार्डं बघून तशीच काढत होतो: टेडी, लाल बदाम, वळणदार इंग्रजी अक्षरं. हात बसायला नक्कल उपयोगी पडते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती कार्डं पाहून कुणी कधी काही विचारलं नाही, ‘छान आहे’ याच्यापुढे कुणी गेलं नाही.

मग १९९३ आलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव जगभर गेलं ते असं. दीड महिन्यावर दिवाळी होती. ‘शुभ दीपावली’ लिहायला हात धजेना. एरवी ज्यांना कार्डं जायची त्यांना मी त्या वर्षी ड्रॉइंग शीटची साधी घडी पाठवली. बाहेर काळ्या शाईत एक पणती, आत खुशाली: घर उभं आहे, माणसं आहेत, अमक्याच्या सासुरवाडीची बातमी वाईट आहे. उत्तरं आली ती पानापानांची. काय सांगायचंय ते ठरलं होतं, म्हणून चित्र काय असावं, रंग किती असावा, कुठे काहीच नसावं हे मला शोधावं लागलं नाही. रचना मजकुरातून निघते हे मी तिथे शिकले. आजही मुलांना रंग द्यायच्या आधी मी विचारते, कुणाला पाठवणार आणि त्याला काय सांगणार?

पुढे धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला लागला आणि एका मार्गशीर्षात त्याला येळवशीला येता आलं नाही. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे (पूर्वीचं उस्मानाबाद) त्या दिवशी गावं ओस पडतात, अख्खं घर शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुना लावलेल्या दगडांच्या पाच पांडवांची पूजा मांडायची, आणि मग भज्जी, उंडे आणि आंबील, वाटेने जाणाऱ्यालाही बोलावून. जिल्ह्याला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. एवढा मोठा सण, पण त्याचं कार्ड कुठल्या छापखान्याने कधी काढल्याचं मी पाहिलं नाही.

ते मी केलं. सामान घरातच होतं. लहानपणी आम्ही सगळ्यांनी ज्वारीच्या धाटाच्या बैलगाड्या आणि चष्मे केलेले. साल सोलून काढायचं, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे करायचे, सालाच्या काड्या त्यात खोचायच्या. त्याच धाटाचं साल मी ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलं, कोमट इस्त्रीने सपाट केलं आणि अरुंद पट्ट्या कापून कागदावर कोपीच्या आकारात लावल्या. धाटाचा रंग एकसारखा नसतो, कुठे पिवळा, कुठे तांबूस डाग. त्यामुळे रंगवायची गरजच पडली नाही. कोपीच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचे पाच ठिपके, एक मडकं, बस. भावाच्या खोलीतल्या कोल्हापूर-नगरकडच्या मुलांनी विचारलं, हे काय? त्या कार्डावर बोट ठेवून त्याने त्यांना येळवस सांगितली. पुढच्या वर्षी त्यातले दोघे आमच्या शेतात जेवायला आले.

तिथून विषयांना तोटा राहिला नाही. महालक्ष्म्यांचं आवतण, पोळ्याचं कार्ड, बोअरला पाणी लागलं म्हणून शेजाऱ्याला दिलेलं कार्ड, दहावीत गणित राहिलेल्या भाच्याचं कार्ड. संक्रांतीला पाकिटातून हलव्याचे दाणे पाठवायची आपली जुनी चाल होतीच, त्या पुडीसाठी कार्डात खिसा करायला लागले. वर्गात येणाऱ्या मुस्लिम मुलींनी ईदकार्डं केली. त्यांच्या घरात उर्दू लिहिणारी आजोबा मंडळी होती, त्यांच्या बोरूच्या वळणापुढे आमची सगळी नक्षी फिकी पडली. तालुक्यातल्या तांड्यांवरच्या मुलींनी बंजारा टाक्यांची चौकट कागदावर आणली, सुईने आधी भोकं पाडून मग दोरा ओवला. त्या पोरींना ‘प्रेरणा कुठून मिळते’ असं विचारायची सोयच नव्हती. ती त्यांच्या आईच्या फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, शिवलेली होती.

कागदाचंही सांगायला हवं. आमच्या भागातली लग्नाची खरेदी पूर्वी हैदराबादेत व्हायची आणि पत्रिका छत्ता बाजारात छापून यायच्या. जाड, सोनेरी, उठावाच्या. लगीनसराई संपली की त्या पत्रिका माझ्याकडे येतात. पाठकोऱ्या बाजूचं कार्ड होतं, सोनेरी कडेची पट्टी होते. पुढे पुण्याला गेले की शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जायला लागले. के. बी. जोशींनी १९४० साली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून ती उभी केली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद, झाड न तोडता केलेला. बोटांना तो लगेच वेगळा लागतो, आणि त्यावर जलरंग एकदम पसरत नाही. खुद्द मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हातकागदाची परंपरा आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी तिकडे हलवली तेव्हाच्या कारागिरांपर्यंत ती मागे नेतात. या कागदावर काम करायचं तर चित्र कमी लागतं. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी केलेली भेटकार्डं मी पाहिली, तेव्हाही हेच जाणवलं. ‘मला चित्र येत नाही’ ही अडचण मी तेव्हापासून ऐकून घेत नाही.

नवख्या हाताला अडवतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात, आणि त्या साध्या आहेत. आधी पाकीट घ्यावं, मग कार्ड कापावं. पुष्कळ सुंदर कार्डं कुठल्याच पाकिटात न मावल्याने कपाटात राहतात. ए-फाइव्ह कागदाची मधोमध घडी घातली की साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरचं कार्ड होतं, त्याची पाकिटं सहज मिळतात. जाड कागद तसाच दुमडू नये. पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबावी, मग घडी घालावी. कागद आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. जिकडून सहज वाकतो तिकडची घडी स्वच्छ बसते, दुसरीकडून कड फुटते.

मोबाइल आले, मग व्हॉट्सॲप आलं आणि लातूरची कार्डांची दुकानं भेटवस्तूंची झाली. दोरी तर केव्हाच गेली. माझ्या ओसरीवरची मुलंही त्या वर्षांत कमी झाली. तरी काही उन्हाळे विसरता येत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. अशा दिवसांत ब्रश धुवायला पाणी मागायचं कुठल्या तोंडाने? आम्ही रंगाला हात लावला नाही. जुनी मासिकं, पत्रिका, कापडाचे तुकडे चिकटवून कामं केली. एका मुलाने निळ्या लग्नपत्रिकेतून डबे कापून लांबलचक घडीची गाडी केली. कोरड्या सामानातून काम करायची ती पद्धत आम्ही पुढे सोडलीच नाही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर मुलं परत वाढली. त्यांनी घरी बसून यूट्यूबवर क्विलिंग आणि उघडल्यावर उभी राहणारी कार्डं पाहिली होती. आता ती मला शिकवतात. गावाजवळ सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या जवानांची मुलंही येतात. गेल्या खेपेला आसामच्या एका मुलीने बिहूचं कार्ड केलं. गामोसाच्या लाल काठासाठी तिला हवा तसा लाल कागद मिळेना, शेवटी एका पत्रिकेच्या पाकिटात तो सापडला. बिहूचं कार्डही चाकूरच्या दुकानात कुठून असणार?

सध्या मुलांनी येळवशीचं ते जुनं कार्ड हातात घेतलंय. घडीवर दोन समांतर काप देऊन मधला भाग पुढे ओढला की चौकोनी ठोकळा उभा राहतो, त्यावर कोप लावायची आहे, म्हणजे कार्ड उघडलं की कोप उभी. अडचण धाटाच्या सालाची आहे. ते जाड असल्याने घडी मिटताना तडकतं आणि टपालात शिक्का बसला की पट्ट्या सुटतात. एकीने सुचवलंय की साल अखंड न लावता घडीच्या रेषेपाशी तोडावं आणि पाठीमागून सुती कापड लावावं. यंदाच्या मार्गशीर्षाच्या आत पाठवून बघायचं आहे, पहिलं कार्ड पुण्यालाच.