खाकीतला शिक्षक

एनसीसी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती 26 जानेवारीच्या संचलनातली तुकडी. या संघटनेची खरी कमाई मात्र अनुदानित शाळांच्या धुळीच्या मैदानांवर आहे. कुंझरू समितीच्या शिफारशीवरून 1948 साली कायदा झाला, पुढच्याच वर्षी मुलींची शाखा निघाली. इतिहास एवढा पुरे. पाहायची ती परेड. एखाद्या कॅडेटला रांगेबाहेर काढून तुकडी चालवायला देतात. हुकमाचा पहिला भाग लांबवायचा, शेवटचा शब्द तोडून टाकायचा. थांबण्याचा ‘थम’ ठरलेल्या पावलावरच पडला पाहिजे. जरा उशीर झाला की रांग विस्कटते आणि चूक कोणाची ते सगळ्यांना कळते. आवाज पोटातून काढावा लागतो. घरीदारी ‘हळू बोल’ एवढेच ऐकत आलेल्या मुलीला चारचौघांत खणखणीत बोलण्याचा हक्क इथे मिळतो. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत आणि ओळखीपाळखीही नाहीत, तिथल्या मुलांसाठी ही मोठीच पुंजी आहे. शिवाय केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत एनसीसीच्या ‘ए’ प्रमाणपत्राला कमाल गुणांच्या 2 टक्के, ‘बी’ला 3 आणि ‘सी’ला 5 टक्के वाढीव गुण मिळतात. एकेका गुणावर नोकरी हुकते तिथे याचे मोल वेगळे सांगायला नको.

यावर म्हणतात, मुळात धडपडी मुलेच एनसीसीत जातात, मग श्रेय परेडला कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये एनसीसी सक्तीची झाली आणि 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. इच्छा हुकमाने येत नाही. पण धडपड असूनही वाव न मिळणारी मुले गावोगाव आहेत, आणि माझा मुद्दा त्यांच्यापुरताच आहे. मुलांना लष्करी वळण नको, हा दुसरा आक्षेप. कॅडेटवर लष्करात जाण्याचे कोणतेही बंधन नसते. दहा दिवसांच्या शिबिरात वेगवेगळ्या जातींची, वस्त्यांची मुले एका तंबूत झोपतात, एका पंगतीत जेवतात. मला यात बंदुकीपेक्षा शेजारधर्माचे शिक्षण जास्त दिसते.

हे सगळे उभे असते एका शिक्षकाच्या जिवावर. शाळेतलाच गणिताचा किंवा पीटीचा शिक्षक कामठीला, शिक्षिका असेल तर ग्वाल्हेरला, प्रशिक्षण घेऊन एनसीसी अधिकारी होतो. तास सांभाळून परेड, हजेरीपट, गणवेशाचा हिशेब, शिबिराला मुलांसोबत जाणे, हे सारे तुटपुंज्या मानधनावर. तो निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा तयार होईपर्यंत तुकडीची आबाळ होते. आणि शिक्षकभरतीच रखडलेल्या शाळेत हा दुसरा आणायचा कुठून? 2024 मध्ये केंद्राने कॅडेटांची मंजूर संख्या 3 लाखांनी वाढवून 20 लाखांवर नेण्याचे ठरवले, प्रशिक्षक म्हणून माजी सैनिक घेण्याचेही. कवायत ते उत्तम शिकवतील. पण कोणत्या मुलीची आई शिबिराला नाही म्हणणार आहे, हे शाळेतल्या बाईंना माहीत असते, आणि आदल्या संध्याकाळी त्याच तिच्या दारात जाऊन बसतात.