पेल्यात जयपूर किती?

जयपूरच्या टोंक रोडवर दुर्गापुरा नावाचा भाग आहे. तिथल्या कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या जवाच्या वाणांच्या नावाआधी ‘आरडी’ ही अक्षरं असतात; त्यातला ‘डी’ दुर्गापुऱ्याचा. मुळांवर बसणाऱ्या सूत्रकृमीमुळे होणाऱ्या रोगाला इकडचे शेतकरी ‘मोल्या’ म्हणतात. आरडी २०३५ आणि आरडी २०५२ ही वाणं या मोल्याला दाद देत नाहीत. आरडी २५५२ खारवट जमिनीत तग धरतं. आरडी २८४९ खास माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवासाठी, काढलेलं आहे.

जव म्हणजे आपला सातू. देशात त्याचं सर्वाधिक पीक राजस्थानात येतं. दिवाळीच्या आगेमागे पेरणी, होळीनंतर कापणी. गव्हापेक्षा पाणी कमी लागतं आणि विहिरीचं मचूळ पाणीही चालतं, म्हणून शेखावाटीपासून जयपूरपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात हे पीक टिकलं. उन्हाळ्यात ताकात शिजवलेली जवाची राबडी गावोगाव पितात. बाकीचा जव जनावरांना आणि माल्टच्या कारखान्यांना जातो. माल्टमधला मोठा हिस्सा बिअरचा. त्यासाठी एका बिअर कंपनीने २००५ मध्ये राजस्थानात ‘सांझी उन्नती’ नावाने शेतकऱ्यांशी थेट करार सुरू केले. उरलेला थोडासा जव मात्र फार लांब जातो. त्याची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत निव्वळ माल्टपासून काढलेली, व्हिस्की होते आणि जगभरचे हौशी लोक ती नाकाशी धरून वह्यांमध्ये शेरे लिहितात.

त्या शेऱ्यांमध्ये जव किती असतो, लाकूड किती, धूर किती आणि हवा किती, हे उलगडून पाहायला जयपूरसारखं दुसरं गाव नाही.

टेबलावरची चार नाकं

जयपूरच्या सी-स्कीम वस्तीतल्या एका घरी चाखणाऱ्यांची बैठक बसते. चार व्हिस्की, प्रत्येकीचे जेमतेम १५ मिलिलीटर. ग्लास बुडाला फुगीर आणि तोंडाशी अरुंद, म्हणजे वास आत कोंडून राहतो. स्कॉटलंडच्या ग्लेनकेर्न कंपनीचा हा घाट २००१ मध्ये बाजारात आला आणि आता चाखणाऱ्यांचा गणवेशच झाला आहे. सोबत साधं पाणी, औषधाचा ड्रॉपर आणि बिनमसाल्याची बिस्किटं. भुजिया, कांदा, लिंबू सगळं स्वयंपाकघरात. अत्तर लावून आलेल्या माणसाला खिडकीपाशी बसवतात. बाटल्या कापडी पिशव्यांत झाकलेल्या, कारण लेबल दिसलं की जीभ किमतीप्रमाणे बोलू लागते.

पहिल्या ग्लासाचा गडद तांबूस रंग पाहून एक नवखा खूश झाला. जोहरी बाजारातल्या पन्न्याच्या व्यापाऱ्याने त्याला तिथेच थांबवलं. “रंग मत देखो भाईसाब, रंग तो हमारे यहाँ भी चढ़ाया जाता है.” पन्न्यातल्या चिरा तेलाने बुजवतात हे जयपुरात पोराटोरांनाही ठाऊक. व्यापाऱ्याचं म्हणणं व्हिस्कीलाही लागू पडतं. स्कॉचमध्ये पाणी आणि साधं कॅरॅमल, एवढ्या दोनच गोष्टी मिसळायला कायद्याने मुभा आहे आणि ते कॅरॅमल निव्वळ रंगासाठी असतं. म्हणून रंगावरून वय सांगणारा माणूस बहुतेक वेळा फसतो.

दुसऱ्या ग्लासावर एक वास्तुविशारद बाई म्हणाल्या, “गोंद के लड्डू. ऊपर से किशमिश.” शेजारच्या दंतवैद्यांनी नाक आत घातलं आणि हसले, “मुझे तो अपना क्लिनिक याद आ गया.” त्यांना लवंगेचं तेल आलं होतं. चौथा ग्लास धुरकट होता. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग मराठीत म्हणाले, “हुरड्याची आगटी. विझल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळची.” बाकीच्यांना हुरडा समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली, पण समजल्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

लाकूड बोलतं

यातला एकही शेरा हवेतला नाही. दंतवैद्यांना आलेली लवंग खरोखरच लवंग होती. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल हे द्रव्य ओकच्या भाजलेल्या लाकडातूनही व्हिस्कीत उतरतं. व्हॅनिलाचा गोडवा लाकडातल्या लिग्निनमधून येतो. बेदाणे, खजूर, अंजीर यांची आठवण होते ती स्पेनच्या शेरी वाइनने मुरलेल्या पिंपामुळे.

सगळ्यात फसवं असतं खोबरं. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. तिची सिंगल माल्ट २०१२ मध्ये लंडनमध्ये बाजारात आली. तिच्यात सुक्या खोबऱ्याचा वास आला की कोकणी, मराठी माणूस लगेच माडांकडे बोट दाखवतो. खरं तर ते खोबरं अमेरिकेचं. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्यांना खोबऱ्यासारखा वास असतो आणि बुर्बन ही तिथली व्हिस्की भरून झालेली अमेरिकन पिंपं तिथून थेट गोव्याला येतात.

हुरड्याच्या आगटीचंही तसंच. स्कॉटलंडच्या दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचे थर शतकानुशतकं दाबले जाऊन पीट होतं. मोड आलेला जव वाळवताना खाली पीट जाळलं, की धुरातली गुआयाकॉलसारखी द्रव्यं दाण्याला चिकटतात. लाकूडफाटा आणि गोवऱ्या जळतानाही याच कुळातली द्रव्यं निघतात, त्यामुळे सातारकरांचं नाक चुकलं नव्हतं. फक्त आगटी इथली नव्हती. भारतातल्या धुरकट सिंगल माल्टसाठी पीट, नाहीतर पीटच्या धुरात वाळवलेला जवच, स्कॉटलंडहून आणतात.

म्हणजे पिंप अमेरिकेचं आणि स्पेनचं, धूर स्कॉटलंडचा. मग राजस्थानचं काय उरलं?

सहा रांगांचा दाणा आणि उन्हाचा कर

पहिली गोष्ट दाणा. जवाच्या कणसात दाण्यांच्या दोन रांगा असतात किंवा सहा. स्कॉटलंडमध्ये दोन रांगांचा जव वापरतात; त्याचा दाणा टपोरा, पिठूळ. उत्तर भारतात मुख्यतः सहा रांगांचा जव पिकतो. त्यात प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी, त्यामुळे एक टन माल्टमागे अल्कोहोल कमी निघतं. बदल्यात चव भरीव आणि तेलकट येते, असं डिस्टिलरीवाले सांगतात. बंगळूरची अमृत, हरियाणातल्या कर्नाल जिल्ह्यातली इंद्री आणि अलवरची गोडावण या तिन्ही सिंगल माल्टमध्ये राजस्थानचा जव जातो.

दुसरी गोष्ट ऊन. पिंपातली व्हिस्की लाकडातून उडून जाते. स्कॉटलंडमध्ये ही तूट वर्षाला साधारण २ टक्के. तिथे तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरला हाच वाटा १० ते १२ टक्क्यांवर जातो. अमृतने आपल्या सर्वांत जुन्या पिंपांच्या व्हिस्कीला ‘ग्रीडी एंजल्स’ म्हणजे हावरट देवदूत असं नाव दिलं, ते उगाच नाही. उष्ण हवेत व्हिस्की लाकडात झपाट्याने शिरते आणि झपाट्याने बाहेर येते. स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांत येणारा लाकडाचा रंग-गंध इथे चार-पाच वर्षांत येतो. ठेवत गेलं तर पिंपात व्हिस्कीऐवजी लाकडाचा काढा उरेल. म्हणून आपल्याकडच्या बाटल्यांवर वयाचा आकडा सहसा नसतो.

अलवर जयपूरपासून दीडशे किलोमीटरवर. तिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात आणि पौषात अंगावर रजई. गोडावण ही डियाजिओ कंपनीची व्हिस्की २०२२ मध्ये आली. गोडावण म्हणजे आपला माळढोक, राजस्थानचा राज्यपक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यामुळे माळढोक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. ही व्हिस्की काही काळ जटामांसी आणि रास्ना यांचा संस्कार केलेल्या पिंपांत ठेवतात. वनस्पतींची ही आवड राजस्थानला जुनीच. केसर-कस्तुरी, जगमोहन, चंद्रहास अशा नावांचे मसालेदार आसव संस्थानांच्या आणि ठिकाण्यांच्या, म्हणजे जहागिरींच्या, भट्ट्यांत निघत. आज त्यातले काही सरकारी गंगानगर शुगर मिल्सच्या बाटल्यांत मिळतात.

शेऱ्यांची शाळा

चाखलेलं शब्दांत मांडायची रीत तशी अलीकडची. स्कॉटलंडच्या पेंटलँड्स संशोधन संस्थेने १९७९ मध्ये व्हिस्कीच्या वासांचं चक्र काढलं. डिस्टिलरीतल्या लोकांना एकमेकांचं बोलणं कळावं, एवढाच त्याचा हेतू होता. १९८३ मध्ये एडिंबरोत हौशी मंडळींची स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी निघाली आणि शेऱ्यांना विनोदाची फोडणी बसली. १९८९ मध्ये मायकेल जॅक्सन यांचं माल्टवरचं पुस्तक आलं. हे गायक नव्हेत, यॉर्कशायरचे पत्रकार. शंभरपैकी गुण द्यायची चाल त्यांनी रुजवली.

भारताला या शाळेत प्रवेश मिळायला वेळ लागला. इथे व्हिस्की म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं मळीच्या अल्कोहोलवर बेतलेलं. ते सोडा घालून प्यायचं, चाखायचं नाही. वळण आणलं बंगळूरच्या जगदाळे कुटुंबाने. हे आडनाव मराठी वाचकाला घरचंच वाटेल. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये अमृत डिस्टिलरी काढली. त्यांचे चिरंजीव नीलकंठराव यांनी २००४ मध्ये अमृत सिंगल माल्ट बाजारात आणली, तीही भारतात नव्हे, थेट ग्लासगोमध्ये. २०१० सालच्या ‘व्हिस्की बायबल’ या पुस्तकात लेखक जिम मरे यांनी अमृत फ्यूजनला जगात तिसरा क्रमांक दिला, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी माना वळवल्या. या फ्यूजनमध्ये पाऊण हिस्सा भारतीय जव आणि पाव हिस्सा पीटच्या धुरातला स्कॉटिश जव असतो. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत इंद्रीच्या दिवाळी विशेष बाटलीला सर्वोच्च मान मिळाला. त्याच वर्षी नाशिकजवळच्या दिंडोरीतून ‘लाँजिट्यूड ७७’ आली. नाव ७७व्या रेखावृत्ताचं. दिंडोरी त्याच्या तीन अंश पश्चिमेला आहे, पण बाटलीवर भूगोलापेक्षा नावाचा नाद मोठा.

स्कॉचची बाजूही जोरात आहे. २०२२ मध्ये फ्रान्सला मागे टाकून भारत स्कॉचचा बाटल्यांच्या संख्येने सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. त्या वर्षी सुमारे २१.९ कोटी बाटल्या आल्या. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन करारात १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्यामुळे निवड वाढणार आणि निवडायचं कसं हेही शिकावं लागणार.

नाकाचा रियाज

रीत सोपी आहे. ग्लास नाकाशी नेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे अल्कोहोल नाकात झणझणत नाही. पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला. दुसरा जिभेवर फिरवून गिळायचा आणि मग नाकाने श्वास सोडायचा; खरी ‘चव’ त्या श्वासात असते. त्यानंतर थेंबभर पाणी. हे नुसतं खूळ नव्हे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं, की व्हिस्की पातळ केल्यावर धुराचं गुआयाकॉल पृष्ठभागाकडे सरकतं. अल्कोहोल फार कडक असेल तर ते आतच अडकून राहतं. जयपूरच्या बैठकीत आगटी आठवली ती ड्रॉपर फिरल्यावरच.

शेरा लिहिताना परदेशी यादी समोर ठेवू नये. ज्याने कधी स्कॉटलंडच्या माळावरची हेदरची फुलं हुंगली नाहीत, त्याने हेदर लिहिण्यात अर्थ नाही. काकवी, सुंठ, चिंचोके, भिजलेलं गोणपाट, नव्या छत्रीचं कापड, जे आठवेल ते लिहावं. आणि चार घोट पुरेत. थुंकून टाकणं हा अपमान नाही, जाणकारांची रीतच आहे. दारूची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. राजस्थानात पिण्याचं कायदेशीर वय १८ असलं तरी महाराष्ट्रात कडक मद्यासाठी ते २५ आहे आणि परवानाही लागतो. बैठकीनंतर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी.

मग पेल्यात जयपूर किती? नाकाला जे पटकन कळतं त्यात लाकूड सर्वांत मोठं, ऊन त्याच्या खालोखाल, आणि जव सर्वांत हळू बोलणारा. पण याच जवावर आणि उन्हावर भारतीय सिंगल माल्ट जगात स्वतःची म्हणून ओळख सांगते आहे. तेव्हा हजारो रुपये मोजणाऱ्याला चार गोष्टी लेबलवर वाचायला मिळाल्या पाहिजेत: जव कुठला, पिंप कसलं, किती वर्षं मुरली आणि रंग मिसळला की नाही. स्कॉचला किमान तीन वर्षं ओकमध्ये राहण्याची कायद्याची अट आहे. आपल्या बाटल्यांनी निदान खरं वय तरी सांगावं. पुढच्या वेळी बाटली घेताना दुकानदाराला हे चार प्रश्न विचाराच. गिऱ्हाईक विचारू लागलं की उत्तरं लेबलवर येतात.